वाळूची पेटी आणि खेळाडूंच्या अपेक्षा

दिवाळी जवळ आली म्हणजे महाराष्ट्रातील मुलांना एकच वेध लागतात, ते किल्ल्याचे. कोठून तरी दगडविटा जमवल्या जातात, त्यांवर जुने गोणपाट पसरले जाते, चिखलाचा लेप चढतो, उतारावर अळीव पेरले जातात आणि आठ दिवसांत त्या ढिगाऱ्याचा गड होतो. विहीर कोठे असावी, बुरूज किती असावेत, पायथ्याशी बाजार भरवावा की पहारा बसवावा, हे कोणी सांगत नाही. या खेळात हार नाही, जीत नाही, शेवटचा डावही नाही. साहित्य तेवढे हाती असते. बाकीचे सारे खेळणाऱ्याच्या मनातून यावयाचे असते.

दिल्ली आणि तिच्या भोवती वाढलेली नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम ही नगरे यांतून राहणाऱ्या मुलांच्या वाट्याला मातीचे हे सुख बेताचेच येते. घर नवव्या-दहाव्या मजल्यावर, खाली मोटारींच्या रांगा, आणि दिवाळी सरते न सरते तोच हवेत धुरकट पडदा उतरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजधानीची हवा इतकी बिघडली की शाळांतील वर्ग बंद ठेवून मुलांना घरबसल्या संगणकावरून शिकवावे लागले. त्याआधी २०२० साली टाळेबंदीने त्यांना कित्येक महिने घरात कोंडून ठेवले होतेच. ज्याला अंगण नाही असा मुलगा अंगणाच्या शोधात पडद्याकडे वळला, तर त्यात नवल ते काय? तेथे त्याला जमीन मिळते, डोंगर मिळतो, आणि खणावयाला कुदळही मिळते.

अशा खेळांना इंग्रजीत सँडबॉक्स, म्हणजे वाळूची पेटी, असे नाव पडले आहे. लहान मुलाला वाळूत सोडून द्यावे, तसे येथे खेळाडूला एका विस्तीर्ण जगात सोडून देतात. त्याने लाकूड तोडावे, खाण खणावी, घर बांधावे, व्यापार करावा, सोबती जमवावेत. मनात आले तर दुसऱ्याची वखार लुटावी. स्वीडनमध्ये जन्मलेला ‘माइनक्राफ्ट’ हा यांतील सर्वांत परिचित खेळ. तो २००९ साली प्रथम लोकांपुढे आला, आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यातील जग मध्यापासून प्रत्येक दिशेला ३ कोटी ठोकळे पसरलेले असते. एक ठोकळा एक मीटरचा मानला, तर या जगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे अंतर पृथ्वीच्या परिघाहूनही मोठे भरते. हजारो माणसे एकाच वेळी एकाच जगात वावरतात असेही खेळ आहेत, आणि त्यांत मुलांइतकीच प्रौढ माणसेही रमलेली दिसतात.

परंतु या खेळांच्या चाहत्यांइतका असंतुष्ट वर्ग क्वचितच आढळेल. जग लहान वाटले तर तक्रार, मोठे असले तर ते ओसाड आहे म्हणून तक्रार. नियम कडक असले तर स्वातंत्र्य नाही, सैल असले तर संरक्षण नाही. त्यामुळे खेळ घडविणारे लोक कधी त्रासून म्हणतात की, यांना पाहिजे ते ब्रह्मदेवालाही देता येणार नाही. उलट चाहते म्हणतात की, आम्ही दाम मोजले आहेत आणि जे कबूल केले तेच मागत आहोत. या वादात न्याय कोणाच्या बाजूस आहे, याचा निर्णय करण्यापूर्वी आजवरची काही उदाहरणे पाहणे इष्ट होईल.

१९९७ साली अमेरिकेत ‘अल्टिमा ऑनलाइन’ नावाचा खेळ सुरू झाला. रिचर्ड गॅरियट आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी एक मोठी सुंदर योजना आखली होती. त्या जगात गवत होते, गवतावर चरणारे प्राणी होते, आणि त्या प्राण्यांवर जगणारी हिंस्र श्वापदे होती. सशांची संख्या घटली की लांडगे भुकेने गावाकडे वळावेत, अशी ही सृष्टीची साखळी. प्रत्यक्षात झाले ते निराळेच. हजारो खेळाडू आत शिरले आणि समोर येईल तो प्राणी मारीत सुटले. साखळी फिरू लागण्यापूर्वीच ती तुटली, आणि वर्षानुवर्षांच्या श्रमाने रचलेली ती योजना अखेर काढून टाकावी लागली. जिवंत जग पाहिजे, असे प्रत्येकजण म्हणत होता. पण त्या जगाला जगू द्यावयाचे तर आपला हात आवरला पाहिजे, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही.

याच खेळातील दुसरी घटना अधिक बोधप्रद आहे. तेथे कोणीही कोणालाही ठार मारून लुटू शकत असे. वाटमारी इतकी वाढली की नवखा माणूस नगराच्या वेशीबाहेर पडण्यास धजेना. तेव्हा २००० साली निर्मात्यांनी त्या जगाची एक जुळी प्रतिकृती उभारली. तेथे भूमी तीच, परंतु परस्परांवर अकारण शस्त्र धरण्यास बंदी. बहुसंख्य लोक नव्या सुरक्षित भूमीकडे निघून गेले. मग जुन्या भूमीतील वाटमारे हळहळू लागले की, आता लुटावयास कोणी उरले नाही, खेळातला रंगच गेला! त्यांना स्वातंत्र्य हवे होते यात संशय नाही. पण त्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, अशी त्यांची अपेक्षा होती.

दिल्लीकराला हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. आखणी न करता वाढलेल्या वस्त्यांतून हिंडताना प्रत्येक घराचा सज्जा हातभर पुढे आलेला दिसतो. ज्याने तो पुढे ओढला, त्याला थोडी जागा लाभली. पण सर्वांनीच तसे केल्यावर गल्लीतले ऊन सर्वांचेच गेले. खेळातील जग असो वा विटाचुन्याचे नगर असो, एकाच्या मोकळिकीची सीमा दुसऱ्याच्या खिडकीपाशी येऊन थांबते, हा नियम दोहोंकडे सारखाच.

आता अगदी उलट टोकाचे उदाहरण पाहू. ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडातील एका छोट्या मंडळीने ‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यातील ग्रहांची संख्या १८ या आकड्यापुढे अठरा शून्ये मांडावी इतकी होती. एवढे ग्रह हाताने घडविणे कोणासही अशक्य. गणिती सूत्रांच्या साह्याने संगणकच ते ऐनवेळी निर्माण करीत असे. लोकांची उत्कंठा शिगेला पोचली होती. खेळ निघाल्यावर एकदोन दिवसांतच दोघे खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच ठिकाणी येऊन उभे राहिले. पण एकाला दुसरा दिसेना! त्या अफाट विश्वात ग्रहांना तोटा नव्हता. शेजारी मात्र नव्हता. त्यानंतर जो संताप उसळला, त्यात अतिशयोक्ती पुष्कळ होती; पण त्याच्या मुळाशी असलेली वेदना खोटी नव्हती. निर्मात्यांनीही ती ओळखली. वर्षामागून वर्षे विनामूल्य सुधारणा करीत २०१८ साली त्यांनी खेळाडूंना एकत्र वावरण्याची खरीखुरी सोय करून दिली, आणि गमावलेला लौकिक बव्हंशी परत मिळविला.

या प्रसंगावरून असे दिसते की, चाहता ज्याला ‘मोठे जग’ म्हणतो, त्याचा अर्थ बहुधा मोठी भूमी असा नसतो. त्याला माणसे हवी असतात, आणि आपण केलेल्या कृतीची त्या माणसांनी घेतलेली नोंद हवी असते. ओसाड माळावर बांधलेला किल्ला कितीही देखणा असला, तरी तो पाहावयास शेजारचा मुलगा येईपर्यंत बांधणाऱ्याचे समाधान होत नाही.

अशी माणसे एकत्र आली म्हणजे काय घडू शकते, ते आइसलंडमध्ये निर्माण झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळाने दाखविले आहे. २००३ पासून चाललेल्या या खेळात अंतराळातील व्यापार, कारखाने, राज्ये आणि युद्धे ही बहुतांशी खेळाडूंचीच निर्मिती आहे. जानेवारी २०१४ मध्ये एका संघाकडून आपल्या ताब्यातील प्रदेशाचा कर वेळेवर भरला गेला नाही. एवढ्याशा चुकीवरून जे युद्ध पेटले, त्यात सुमारे साडेसात हजार खेळाडू उतरले. ते २१ तास चालले, आणि त्यात नष्ट झालेल्या नौकांचे मोल खऱ्या चलनात सुमारे ३ लाख डॉलर भरेल असा अंदाज करण्यात आला. इतकी गर्दी एका ठिकाणी लोटली की संगणकांना तिचा भार पेलत नाही. म्हणून या खेळात काळाची गतीच मंद करण्याची योजना आहे. प्रसंगी ती मूळच्या एकदशांशावर आणली जाते. यंत्राच्या शक्तीलाही सीमा आहे, हे तेथील लोकांनी मान्य केले. निर्मात्यांनी २००८ पासून खेळाडूंनी निवडून दिलेले एक सल्लागार मंडळही ठेवले आहे. लोकांना आपापसांत राज्य चालवावयास लावणारा हा खेळ त्यामुळेच वीस वर्षांहून अधिक काळ टिकला.

याचा अर्थ सारा दोष चाहत्यांचाच, असा कोणी करू नये. निर्मात्यांकडून काही गोष्टींची अपेक्षा करण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार आहे. पहिली म्हणजे दिलेल्या शब्दाची. ‘स्टार सिटिझन’ या अंतराळ-खेळासाठी २०१२ साली लोकांकडून पैसे मागण्यात आले, तेव्हा तो २०१४ मध्ये पुरा होईल असे सांगितले होते. २०२४ पर्यंत जमलेली रक्कम ७० कोटी डॉलरांच्या पुढे गेली. परंतु ते वर्ष संपले तरी खेळ पूर्ण झाल्याची घोषणा झाली नव्हती. जो विक्रेता रोज नवी स्वप्ने दाखवून पैसे गोळा करतो, त्याने गिऱ्हाइकाला स्वप्नाळू म्हणून हिणवावे, हे न्यायाचे नव्हे.

दुसरी अपेक्षा विश्वासाची. २००३ साली निघालेल्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ या खेळात शिंपी, वैद्य, नर्तक असे कितीतरी व्यवसाय पत्करून लोक शांतपणे नांदत होते. नोव्हेंबर २००५ मध्ये मालकांनी अधिक गिऱ्हाइके मिळविण्याच्या आशेने सारे नियम बदलले आणि व्यवसायांची संख्या नवावर आणली. नव्या माणसांची अपेक्षित गर्दी झाली नाही. जुनी मात्र दुखावून निघून गेली. १५ डिसेंबर २०११ रोजी ते जग कायमचे बंद झाले. ज्यांनी तेथे वर्षेच्या वर्षे घरे सजविली होती, त्यांच्या हाती काही उरले नाही. तथापि काही चाहते रडत बसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या श्रमाने, वेतनाची आशा न धरता, ते जुने जग पुन्हा उभे करण्याचा उद्योग आरंभला आणि तो बराच तडीस नेला. मालकाने मोडलेले गाव गावकऱ्यांनी पुन्हा वसविले.

या उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष असा की, चाहत्यांच्या अपेक्षा फार मोठ्या आहेत असे म्हणण्यापेक्षा, त्या चुकीच्या दारी मागितल्या जातात, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. शब्द पाळणे, हिशेब स्वच्छ ठेवणे, दुर्बळाला छळापासून वाचविणे आणि बांधलेले घर एका रात्रीत न मोडणे, एवढे निर्मात्याकडे अवश्य मागावे, आणि ठणकावून मागावे. परंतु सोबत, शेजारधर्म, मैत्री आणि घडलेल्या गोष्टींना येणारा अर्थ या वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. त्या खेळणाऱ्यांनी एकमेकांना द्यावयाच्या असतात.

दिल्लीतील मराठी माणसाला हे निराळ्या मार्गाने फार पूर्वीच कळले आहे. १९३१ साली नव्या राजधानीचे उद्घाटन झाले. १९६२ साली महानगराचा पहिला बृहद् आराखडा अंमलात आला. नकाशात रस्ते होते, सरकारी निवासस्थाने होती, बाजारांच्या जागा होत्या. शेजारी कसे नांदतील ते नकाशात नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते. नोकरीच्या निमित्ताने घरदार सोडून आलेल्या मराठी कुटुंबांनी ते स्वतः घडविले. पहाडगंजातील नूतन मराठी विद्यालय, बृहन्महाराष्ट्र भवन, ठिकठिकाणचे गणेशोत्सव यांमागे वर्गणी गोळा करणारे, सतरंज्या अंथरणारे आणि नाटकाच्या तालमींना रात्री जागणारे हात होते. नगराने जागा दिली. गाव मात्र माणसांनी केले.

तेव्हा घरातला मुलगा दिवेलागणीला पडद्यासमोरून उठून, “त्या खेळात आता काही राम राहिला नाही,” असे कुरकुरत आला, तर वडीलधाऱ्यांनी त्याच्यावर एकदम रागावू नये. त्याने कोठे घर बांधले, कोणाच्या सोबतीने बांधले, आणि शेजारच्याचे घर मोडले तेव्हा तो काय करीत होता, हे आस्थेने विचारावे. आणि हवा निवळेल त्या दिवशी, गच्चीच्या एखाद्या कोपऱ्यात का होईना, त्याला चार विटा आणि घमेलेभर माती आणून द्यावी. शेजारच्या दाराची कडी वाजवून तेथल्या मुलालाही हाक मारण्याचे काम मात्र त्याच्यावरच सोपवावे.