खर्ड्याचा तह आणि आपला मुलूख



आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि बजावलंय की इतिहासाचं काहीही सांग, पण परीक्षा घेऊ नको. नाही घेत.

खर्ड्याची लढाई आपण सगळ्यांनी पाठ केली होती. ११ मार्च १७९५, मराठ्यांचा निजामावर विजय. परिणामांत 'निजामाची मानहानी झाली' एवढं लिहिलं की भागायचं. त्या मानहानीचं पुढे काय झालं, ते आज सांगतो. कारण तिचा भुर्दंड आपल्या परभणीनेही भरलाय.

खर्डा इथून फार लांब नाही, बीड ओलांडलं की जामखेड तालुका. तिथे माणसं फारशी पडलीच नाहीत. निजाम अली घाबरून किल्ल्यात शिरला, मराठ्यांनी कोंडला आणि पाण्यावाचून त्याचे हाल झाले. मग तह. तीन कोटी रुपये द्यायचे, दौलताबादसह मोठा मुलूख द्यायचा, आणि दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करायचा. थकलेल्या चौथाईचा तगादा लावणाऱ्या मराठी वकिलाचा या दिवाणाने भर दरबारात पाणउतारा केला होता, त्याचा राग नाना फडणवीसांना होता. राग समजण्यासारखा आहे. पण पैसा आणि मुलूख गेला तर राजा हिशेब मांडतो. स्वतःचा दिवाण शत्रूच्या कैदेत धाडावा लागला तर तो हिशेब मांडत बसत नाही.

हे नवीन नव्हतं. १७६० मध्ये आपल्या शेजारच्या उदगीरला सदाशिवरावभाऊंनी याच निजामशाहीकडून सुमारे साठ लाखांचा मुलूख घेतला होता. पानिपतानंतर मराठे दुबळे दिसताच निजाम उलटला आणि १७६३ मध्ये त्याच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं. त्याच वर्षी गोदाकाठी राक्षसभुवनला माधवरावांनी त्याला चोपला आणि मुलूखही घेतला. मात्र नंतर माधवरावांनी त्याच्याशी जमवून घेतलं, इतकं की तीनच वर्षांत दोघे मिळून नागपूरकर जानोजी भोसल्यांवर चालून गेले. मुलूख तिथेही गेला होता, पण निजामाला मराठ्यांशी सोयरिकीची वाट उरली होती. खर्ड्यानंतर ती उरली नाही.

त्या वेळी इंग्रजांनी निजामाला मदत नाकारली होती. तो चिडला, त्यांच्या पलटणी परत पाठवल्या आणि रेमाँ या फ्रेंच सरदाराची कवायती फौज वाढवली. पुण्यात सवाई माधवराव गेले, गादीचे डाव सुरू झाले, आणि निजामाचा पाठिंबा हवा म्हणून १७९६ मध्ये नानांनीच दिवाणाला सोडलं, तहाची बरीचशी कलमं माघारी घेतली. वसूल काय झालं? थोडंफार. अपमान मात्र पुरता वसूल झाला. मुशीरुल्मुल्क हैदराबादला परतला तो मराठ्यांना पुरता ओळखून, आणि त्याच्याच कारभारात १ सप्टेंबर १७९८ ला निजामाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली.

एकट्या खर्ड्यामुळे हे झालं, असं मी म्हणत नाही. टिपूची धास्ती होती, वेलस्लीची हाव होती, पुण्यातली भाऊबंदकी होती. पण मराठ्यांपासून वाचवणारा कोणीतरी हवा, ही निकड निजामाला खर्ड्याने लावली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायला जर्मनीचं जे झालं, त्याची इथे आठवण येते. १३२ अब्ज सुवर्णमार्कांच्या दंडापेक्षा 'युद्धाचा दोष तुमचा' हे कलम जर्मनांना जास्त झोंबलं, आणि १९४० मध्ये हिटलरने फ्रान्सला शरणागतीवर सही करायला १९१८ च्याच रेल्वेच्या डब्यात बसवलं. तिथे हरलेला स्वतः सूड घ्यायला उठला. निजामाच्या अंगात ते बळ नव्हतं, म्हणून त्याने बलवान धनी गाठला.

तो धनी लगेच कामाला लागला. ३१ डिसेंबर १८०२ ला बाजीरावाने वसईला त्याच धन्यापुढे मान तुकवली, आणि वर्षाच्या आत दुसरं मराठा युद्ध पेटलं. निजामाच्या खर्चाने पोसलेली हैदराबादची फौज कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली उतरली आणि तिने जालना घेतलं. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रानात शिंदे-भोसल्यांचा मोड झाला. खर्ड्यावर शिंद्यांच्याच कवायती पलटणींनी निजामाला हटवलं होतं, त्याला जेमतेम साडेआठ वर्षं झाली होती. १८१८ ला पेशवाई बुडाली. कंपनीच्या आश्रयाला गेलेला निजाम मात्र तरला.

आता आपल्या घरात या. इंग्रजांच्या छत्राखाली निजामशाही दीडशे वर्षं टिकली, म्हणून आपला जिल्हा १५ ऑगस्टला नाही, तर १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला. आपल्या आजोबांचं वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून झालं ते याच राज्यात. घरातला जमिनीचा जुना कागद वाचायला आजही आपण कोणीतरी उर्दू जाणणारा शोधतो. गुरुजी, 'परिणाम' या मथळ्याखाली एवढं लिहायला तेव्हा जागा नसायची!

पुढच्या मेळाव्याआधी दोन गाड्या करून खर्डा आणि असई पाहून यायचा माझा विचार आहे. जालन्याच्या बाजूची वाट मला ठाऊक आहे. डबे घरून आणायचे. नावं माझ्याकडे द्या.