योग हवा, पण औषधाच्या सोबतीने

(हिंगोली येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



हिंगोली ही हळदीची बाजारपेठ. येथील भगिनींची बोटे हळद काढण्यात, कापूस वेचण्यात, भाकरी थापण्यात दिवसभर राबतात. ती सुजली, सकाळी तासभर मूठ वळेना, की घरचे म्हणतात, 'कामाने आखडली असतील.' पण तो आमवातही असू शकतो. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे केलेल्या पाहणीत हजारी सुमारे पाच जणांना हा विकार आढळला. स्त्रियांत तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट दिसतो.

दुखणे सांध्यांचे, पण त्याचा भार मनावरही पडतो. झोप मोडते, उदासी येते आणि तणावाने वेदना अधिकच जाणवते. येथे योगाचे साहाय्य होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योग प्रयोगाच्या कसोटीवर पारखण्याची परंपरा घातली. दिल्लीच्या 'एम्स'मधील ७२ रुग्णांवरील अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस योगाभ्यास करणाऱ्यांचा आजाराचा जोर व औदासीन्य इतरांपेक्षा अधिक उतरले. मात्र औषधे दोन्ही गटांना चालूच होती!

योगावर श्रद्धा असणाऱ्यांनीच हे ठासून सांगितले पाहिजे. आसने सुरू केली म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या, तर सांधे आतून कुरतडले जातात. एकदा वाकडे झालेले बोट कोणतेही आसन सरळ करू शकत नाही. म्हणून आजाराची पहिली एक-दोन वर्षे फार मोलाची. त्या काळात तज्ज्ञ डॉक्टर गाठलाच पाहिजे.

अभ्यासातही विवेक हवा. गुडघे सुजलेले असता वज्रासन, पद्मासन टाळावे. शीर्षासन तर नकोच. या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात. दीर्घ श्वसन, भ्रामरी, शवासन, योगनिद्रा आणि बोटे-मनगटांची हळुवार हालचाल एवढेही पुष्कळ आहे. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसावे. त्याने साधना उणी ठरत नाही.

अखेरची विनंती घरातील पुरुषांना. सकाळचा आखडलेला तास आईचा, पत्नीचा असतो आणि नेमका तोच चुलीपुढे जातो. तेवढा वेळ तिला मोकळा करून द्या. चहा आपण ठेवा, पाणी आपण भरा. तिच्या उपचारातील एवढा वाटा आपलाच आहे.