वर्कशॉप आधीचं, झोन नंतरचा



गावाच्या वेशीबाहेर वर्षानुवर्षं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालू आहे. जागा एनए, म्हणजे बिगरशेती, केलेली, ग्रामपंचायतीचा दाखला घेतलेला, विजेचं मीटर मालकाच्या नावावर. मग शहर वाढतं आणि गाव महापालिकेत येतं. पुण्याच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं अशीच आली. पुढे विकास आराखडा होतो आणि नकाशात त्या जागेवर पिवळा रंग येतो, म्हणजे रहिवास विभाग. शेजारी सात मजली इमारत उभी राहते, ग्राइंडरच्या आवाजाची तक्रार होते आणि एक दिवस वर्कशॉपवर नोटीस येते.

अशा वेळी माणूस घाबरतो आणि कोणा मध्यस्थाकडे धाव घेतो. तिकडे जाण्याआधी एक फरक नीट समजून घ्या. झोनशी न जुळणारा वापर आणि बेकायदा वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा. त्याचं कलम ४३ सांगतं, की विकास योजना तयार करण्याचा इरादा राजपत्रात जाहीर झाल्यानंतर परवानगीशिवाय जमिनीचा नवा वापर सुरू करता येत नाही, आहे तो बदलता येत नाही आणि बांधकामही करता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न तारखेचा. त्या तारखेला तुमचा वापर चालू होता का, आणि त्या वेळच्या कायद्यानुसार तो रीतसर होता का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. राहत्या फ्लॅटमध्ये गेल्या वर्षी गुपचूप क्लिनिक किंवा गोदाम काढलेल्यांनी मात्र या भाषणाचा आधार घेऊ नये.

बाजू भक्कम असून चालत नाही, ती कागदावर दिसावी लागते. चांगली चालणारी दुकानं आणि कारखाने मी अडचणीत येताना पाहिले, ते बहुतेक कागदांअभावी. एनएचा आदेश किंवा सनद, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, गुमास्ता परवाना, जुनी वीजबिलं आणि कर आकारणीचा उतारा एका फाइलमध्ये लावा. आकारणीच्या उताऱ्यात ‘बिगरनिवासी’ अशी नोंद कोणत्या वर्षापासून आहे ते पाहा. ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर गाव पालिकेत जाताना इकडेतिकडे होतं, त्यामुळे तिथल्या कर आकारणीचा, म्हणजे नमुना ८ चा, जुना उतारा आजच मागून ठेवा. मात्र कर भरल्याची पावती म्हणजे वापराला परवानगी नव्हे. ती फक्त वापर कधीपासून होता हे दाखवते. या दोन गोष्टींची गल्लत मी सुशिक्षित माणसांकडूनही होताना पाहतो.

आता नेमकी चूक होते ती जागा. धंदा वाढला म्हणून मालक शेडला आणखी दोन गाळे जोडतो. किंवा पत्रे गंजले म्हणून सगळं शेड पाडून नवं बांधायला घेतो. नव्या बांधकामाला परवानगी मागितली, की ती आजच्या आराखड्याप्रमाणे तपासली जाते आणि जुना वापर तिथेच अडतो. इमारतीच्या आतली किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणारी दुरुस्ती आणि देखभाल यांना कलम ४३ मध्येच सूट आहे. तेव्हा दुरुस्ती करा, पण पाडण्याआधी नगररचना विभागाचं लेखी उत्तर हातात घ्या. धंदा दोन-चार वर्षं बंद ठेवणंही धोक्याचंच. नंतर तो सुरू केला, की हा नवाच वापर आहे असं म्हणायला जागा मिळते.

नोटीस आलीच, तर ती कोणत्या कलमाखाली आहे ते आधी वाचा. याच कायद्याच्या कलम ५३ ची असेल तर तिच्यातल्या मुदतीत, कलम ४४ प्रमाणे, वापर चालू ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. त्या अर्जाचा अंतिम निर्णय होईपर्यंत निव्वळ नोटिशीच्या जोरावर वापर बंद पाडता येत नाही. मुदत टळली, तर हा आधार जातो. परवानगी नाकारली, तर कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील आहे.

शेजाऱ्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. वर्कशॉप आधीचं असलं तरी रात्री अकराला ग्राइंडर चालवण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. आवाज, धूर, सांडपाणी आणि अग्निसुरक्षा यांचे आजचे नियम जुन्या वापरालाही लागू आहेत. आणि इमारतीत फ्लॅट घेणाऱ्यांनो, बुकिंगआधी आजूबाजूला दुपारी एक चक्कर मारा, काय चालू आहे ते कानांनी ऐका.

अशी जागा विकत घेणाऱ्यांनी झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढावा. आपल्याला जो धंदा करायचा आहे तो तिथे आजच्या नियमांत बसतो का, हे तपासावं. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली विकास नियंत्रणाची एकत्रित नियमावली लागू आहे. मुंबईची नियमावली वेगळी.

आणि तुमच्या गावाचा आराखडा अजून प्रारूप असेल, तर वेळ गेलेली नाही. नकाशात आपला गट नंबर शोधा. जुना वापर त्यात दाखवलेला नसेल, तर जाहिरातीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या, सोबत ती कागदांची फाइल जोडा आणि अर्जाची पोच घ्या. सुनावणीचं पत्र आलं, की स्वतः हजर राहा.