चोर अठ्ठावीस देशांतले

११ ऑगस्ट २०१८ला पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे पैसे बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून निघाले. दोन दिवसांनी हाँगकाँगला रक्कम वळवली गेली. एकूण ९४ कोटींवर. ‘पैसे द्या’ म्हणून एटीएमला कळवणारी यंत्रणाच चोरांनी बनावट उभी केली होती.

एकाच बँकेच्या नोंदींवर शिकलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला असे चोर ओळखणं अवघड. म्हणून देशोदेशीचे संशोधक ‘फेडरेटेड लर्निंग’ अजमावताहेत: नोंदी बँकेतच राहतात, यंत्र शिकलं तेवढंच इतरांना मिळतं. मला हे पटतं. आखातातून मुलानं धाडलेल्या पैशाचा हिशेब परक्याच्या हाती कशाला? पण शिकलेल्या आकड्यांतूनही मूळ माहिती उकलता येते, हे संशोधकांनीच दाखवलंय. बँकेच्या वार्षिक सभेत याबद्दल विचारा.