फुगणाऱ्या माशाचें बिऱ्हाड

घरांत मासे पाळण्याची हौस आतां कांहीं नवी राहिलेली नाहीं. दिवाणखान्यांत कांचेची टाकी, तींत रंगीत खडे आणि चार-दोन सोनेरी मासे, हें दृश्य आपणांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचें आहे. परंतु मी आज ज्या माशाविषयीं बोलणार आहें, तो या सोनेरी मंडळींपैकीं नव्हे. लांबीनें तो इंचभर, रंगानें पिवळट हिरवा, अंगावर काळे ठिपके, आणि स्वभावानें शिकारी. संकट आलें कीं तो घटाघटा पाणी पिऊन वाटाण्यासारखा गोल होतो. दुकानदार त्याला 'पी पफर', म्हणजे वाटाण्याएवढा पफर, या नांवानें विकतात. आमच्या घरीं त्याचें नांव 'फुग्या'. तें माझ्या नातीनें ठेवलें आहे.

मी प्राणिशास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभी हयात मुलांना पाढे शिकविण्यांत घालविलेला, मुकुंदवाडीस राहणारा एक निवृत्त मास्तर आहें. नातीच्या हट्टापायीं चार फुगे आमच्या घरीं आले, आणि पहिल्या पंधरवड्यांतच त्यांतले दोन मेले. ते कां मेले याचा शोध घेतां घेतां जें शिकलों, तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम या कुळाची ओळख करून देतों. पफर माशांच्या जगांत सुमारें दोनशें जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक समुद्रांत राहतात. आपल्या कोंकणकिनाऱ्यावर त्यांना 'केंड' म्हणतात. केंड जाळ्यांत आला कीं कोळी कपाळाला हात लावतो, कारण हा मासा खाण्याच्या कामाचा नाहीं आणि दांतांनीं जाळें मात्र कुरतडून ठेवतो. या दांतांवरूनच शास्त्रज्ञांनीं कुळाला 'चार दांतांचे' अशा अर्थाचें नांव दिलें. वर दोन, खालीं दोन असे हे दांत जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात, आणि ते आयुष्यभर वाढत राहतात. पुष्कळ जातींच्या शरीरांत भयंकर विष असतें. तें मज्जातंतूंना बधिर करून श्वास थांबवतें, शिजविल्यानेंही नाहींसें होत नाहीं, आणि त्यावर उतारा अद्याप सांपडलेला नाहीं. म्हणूनच जपानांत हा मासा रांधण्यास आचाऱ्याला सरकारी परवाना लागतो. टाकींतील फुग्यापासून घरच्या माणसांना भय आहे काय, असें मला शेजारी विचारतात. मी सांगतों, भय खाण्यांत आहे, पाहण्यांत नाहीं. टाकींत हात घातल्यावर साबणानें धुवावा, एवढी सावधगिरी पुरे.

आतां आमचे दोन मासे कां मेले तें सांगतों. दुकानदारानें एक लहान कांचेचें भांडें, एक पुडी कोरडे दाणे आणि चार मासे एकाच दिवशीं आमच्या हवालीं केले, आणि मींही मुकाट्यानें घेतले. चूक माझी अधिक. ज्या माणसानें चाळीस वर्षें मुलांना 'आधीं वाचा, मग लिहा' असें बजावलें, त्यानें स्वतः मात्र आधीं कांहींच वाचलें नाहीं.

पहिली चूक नव्या पाण्याची. मासा श्वासावाटे व मलमूत्रावाटे पाण्यांत अमोनिया सोडतो, आणि तो त्याला विषासारखा असतो. जुन्या, मुरलेल्या टाकींत दोन प्रकारचे सूक्ष्म जंतु वस्ती करून असतात. एक प्रकार अमोनियाचें नायट्राइट करतो. तेंही विषारीच. दुसरा त्याचें नायट्रेट करतो, आणि तें बरेंचसें निरुपद्रवी असतें. ही वस्ती बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. कोऱ्या भांड्यांत पहिल्याच दिवशीं मासा सोडणें म्हणजे धूर कोंडलेल्या खोलींत पाहुण्याला उतरविणें होय. ही जंतूंची वस्ती फिल्टरच्या स्पंजांत असते, म्हणून स्पंज नळाखालीं कधींही धुवूं नये. नळाच्या पाण्यांतील क्लोरिननें ती मरते. टाकींतून काढलेल्या पाण्यांतच तो हलकेच पिळावा.

दुसरी चूक अन्नाची. दुकानदारानें दिलेले दाणे पाण्यावर तरंगत राहिले आणि चारही मासे त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहतां उपाशी हिंडत राहिले. फुग्याला हालणारें, जिवंत भक्ष्य हवें. डासांच्या अळ्या, पाण्यांतले बारीक किडे आणि विशेषतः लहान गोगलगायी हें त्याचें खरें अन्न. त्याचे दोन्ही डोळे निरनिराळ्या दिशांना फिरतात. गोगलगाय दिसली कीं तो थबकतो, अंग किंचित् वाकडें करतो, आणि एका झटक्यांत चोच चालवतो. कवच कुटून खाल्ल्यानें दांतही आपोआप झिजतात. आतां मी गच्चीवर जुन्या बादलींत उकडलेल्या पालकाच्या पानांवर गोगलगायी वाढवतों. बादलीवर बारीक जाळी घट्ट बांधलेली असते, नाहींतर फुग्याचें अन्न वाढवितां वाढवितां आम्ही डेंग्यूचे डासच वाढवूं.

दोन मासे गेल्यावर मी शहाणा झालों आणि दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी आणली. तींत सुमारें पन्नास लिटर पाणी मावतें. दाट पाणवनस्पति लावल्या, कारण नर एकमेकांचे हाडवैरी असतात आणि मादीलाही नराच्या नजरेआड होण्यास आडोसा लागतो. उरलेल्या दोघांना जुन्या भांड्यांत ठेवून त्यांचें पाणी मी रोज थोडें थोडें बदलत राहिलों आणि टाकी मुरल्यावर त्यांना तींत सोडलें. सोडतांना जाळी वापरली नाहीं, वाटीनें पाण्यासकट उचललें. हा मासा हवेंत वर काढला तर पोटांत पाण्याऐवजीं हवा भरून घेतो, आणि ती हवा बाहेर टाकणें पुष्कळदां त्याला जमत नाहीं. केवळ गंमत पाहण्यासाठीं त्याला फुगविणें तर शुद्ध क्रूरपणा आहे. फुगणें हा त्याचा खेळ नव्हे, ती त्याची भीति आहे.

याच वेळीं घरांत एक वाद उभा राहिला. टाकींतलें नायट्रेट कमी ठेवावयाचें तर आठवड्याला निदान चौथा हिस्सा पाणी बदलावें लागतें, म्हणजे बारा लिटर. त्या वर्षीं आमच्या भागांत नळाला आठ-आठ दिवसांनीं पाणी येई. जायकवाडीचा नाथसागर जवळ असूनही आमच्या शहरानें पिंपें भरून ठेवण्यांत कितीतरी वर्षें घालविलीं आहेत. माझी पत्नी सरळच म्हणाली, "अहो, शेजारच्या ताई कळशीभर पाण्यासाठी टँकरमागे धावतात, आणि तुम्ही माशांचं पाणी बदलता?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि ती बोलत होती तें खरेंच होतें. शेवटीं आम्हीं असें ठरविलें कीं टाकीचें पाणी मोरींत जावयाचें नाहीं. कुंड्यांना रोज घालावयाचें पाणी तेवढ्यानें कमी करावयाचें आणि ताजें पाणी टाकींत जावयाचें. टाकींतलें काढलेलें पाणी तुळशीला, कढीपत्त्याला आणि लिंबाच्या झाडाला जाऊं लागलें. माशाला नकोसें असलेलें नायट्रेट झाडांना हवेंच असतें. बारा लिटर पाणी असें दोन कामें करूं लागलें आणि वाद मिटला. तरी ज्यांच्या घरीं तेवढेंही पाणी नाहीं, त्यांनीं ही हौस करूं नये असेंच मी सांगेन.

परंतु याहून अवघड प्रश्न माझ्या नातीनें विचारला. ती टाकीसमोर बसून म्हणाली, "आजोबा, याचं खरं घर कुठे आहे?"

मीं तिला सांगितलें कीं याचें घर दक्षिणेंत, केरळांतील आणि कर्नाटकाच्या दक्षिण भागांतील नद्यांत आहे. जगांत दुसरीकडे कोठेंही तो आपणहून राहत नाहीं. १९४१ सालीं सुंदरलाल होरा आणि नायर या दोन शास्त्रज्ञांनीं पंपा नदींतील माशांवरून त्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन केलें. ही पंपा म्हणजे शबरीमलैच्या पायथ्याशीं वाहणारी नदी. तेव्हां तो मुलूख त्रावणकोर संस्थानांत होता. संस्थान आतां राहिलें नाहीं, परंतु माशाच्या शास्त्रीय नांवांत, 'त्रावणकोरिकस' या शब्दांत, तें अजून टिकून आहे. तेथील नद्यांतून हे मासे पकडून देशोदेशींच्या टाक्यांसाठीं पाठविले जातात. नद्यांची दुर्दशा आणि ही पकड, दोन्हींमुळें त्यांची संख्या घटली आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें या जातीची नोंद 'असुरक्षित' म्हणून केली आहे.

नात क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "मग आपण याला का आणलं?"

श्रोतेहो, चाळीस वर्षें मीं मुलांना प्रश्न विचारले. या एका प्रश्नानें मला निरुत्तर केलें. 'सोडून देऊं या' असें ती म्हणाली, परंतु तेंही करतां येत नाहीं. आमच्या गोदावरींत हा मासा परका आहे. तेथें तो मरेल, किंवा जगलाच तर तेथील जीवांना उपद्रव होईल. पाळलेला मासा नदींत, विहिरींत वा तळ्यांत सोडूं नये, हा नियमच आहे.

तेव्हां आम्हीं दोन निश्चय केले. पहिला असा कीं नदींतून पकडलेला मासा पुन्हां विकत घ्यावयाचा नाहीं. दुसरा असा कीं घरीं आलेल्या जोडीचा वंश घरींच वाढवावयाचा. नशिबानें उरलेल्या दोघांत एक नर व एक मादी होती. नराच्या पोटावर काळसर रेघ असते, मादी अंगानें गोल असते. त्यांनीं शेवाळ्यांत अंडीं घातलीं. आईबाप तीं खाऊन टाकतात, म्हणून शेवाळें वेगळ्या भांड्यांत ठेवलें. पांचव्या-सहाव्या दिवशीं डोळ्याला जेमतेम दिसतील अशीं पिलें निघालीं. पहिल्या खेपेस एकही जगलें नाहीं. दुसऱ्या खेपेस तीन जगलीं. त्या रात्रीं माझ्या पत्नीनें स्वतः होऊन टाकीसाठीं पाण्याची बादली बाजूला काढून ठेवली.

आपणांपैकीं कोणाला ही हौस करावीशी वाटली तर एवढें लक्षांत ठेवावें. टाकी आधीं, मासा सव्वा महिन्यानें. कोरडे दाणे नव्हेत, जिवंत अन्न. सोबतीला सोनेरी मासे ठेवूं नयेत, त्यांच्या शेपट्या हा कुरतडतो. थंडींत पाण्यासाठीं हीटर लावावा, कारण पाणी चोवीस ते अठ्ठावीस अंशांच्या दरम्यान हवें. दुकानांत मोठ्या जातीच्या हिरव्या पफरचीं पिलेंही गोड्या पाण्यांत ठेवून विकतात. तीं पांच-सहा इंच वाढतात आणि त्यांना निमखारें पाणी लागतें, म्हणून तीं घरीं आणूं नयेत. आणि दुकानदाराला अवश्य विचारावें कीं हा मासा नदींतला कीं टाकींत जन्मलेला. त्याला उत्तर देतां आलें नाहीं, तर पैसे खिशांतच ठेवून परत यावें.

माझ्या नातीच्या प्रश्नाचें पुरें उत्तर मला अजून सांपडलेलें नाहीं. तीन पिलें हें त्या उत्तराचें पहिलें वाक्य आहे, एवढेंच मी म्हणूं शकतों.