औषध अंगावर सांडले तर
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आजच्या गोड दिवशी मी एक कडू गोष्ट सांगणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

गेल्या पावसाळ्यात माझ्या जावेचा चार वर्षांचा मुलगा फवारणीच्या पंपाशी खेळताना भिजला. घरात आम्ही पाच बायका. कोणी म्हणे तुळशीचा रस द्या, कोणी म्हणे मीठपाणी पाजून ओकारी काढा. त्या गडबडीत ओला सदरा अंगावर तसाच राहिला. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "कपडे का नाही काढले?" मूल वाचले; पण तो प्रश्न मला अजून टोचतो.

कपाशीवरच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो, तिथेच फसगत होते. ते कातडीतूनही अंगात भिनते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी धडधाकट माणसे दगावली. लेकरांची कातडी तर नाजूक, आणि वजनाच्या मानाने पुष्कळ.

म्हणून क्रम ध्यानात ठेवावा. एकीने लगेच १०८ ला फोन करावा. दुसरीने हातांत रबरी मोजे, नाहीतर प्लास्टिकच्या पिशव्या घालून मुलाला मोकळ्या हवेत न्यावे. कपडे डोक्यावरून ओढू नयेत, कात्रीने कापावेत व पिशवीत बांधून ठेवावेत. कोरडी पूड असेल तर आधी हलकेच झटकावी. मग साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. केस, कानामागची जागा, बगला, नखे विसरू नयेत. खसखसून घासू नये. पाणी कोमट असावे, कारण लहान मूल लवकर गारठते. पण कोमट पाण्यासाठी खोळंबूही नये. नंतर कोरड्या चादरीत गुंडाळावे. मूल घाबरून रडेल. त्याच्याशी सारखे बोलत राहावे. लाळ, घाम, ओकारी, धाप दिसली किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर क्षणभरही घरी थांबू नये.

पानाचा चुना डोळ्यात गेला तर डोळा चोळू देऊ नये. नाकाकडून कानाकडे अशी पाण्याची धार निदान वीस मिनिटे धरावी आणि डॉक्टरांना दाखवावे. पापणीआड कण दडून राहतात.

रॉकेल किंवा फरशीचे ॲसिड पोटात गेले तर ओकारी मुळीच काढू नये. ॲसिड वर येताना पुन्हा भाजते, रॉकेल फुप्फुसात शिरते. जे काही गेले असेल त्याची बाटली दवाखान्यात सोबत न्यावी.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. सरबताच्या बाटलीत भरून ठेवलेले ॲसिड किंवा रॉकेल असेल, तर ते मूळ डब्यात घालून कुलपात ठेवा. फवारणीहून आलेल्या घरधन्याला आंघोळीआधी लेकरू उचलू देऊ नका. त्याचे कपडे वेगळे धुवा.

विषाला आई कळत नाही. आईला मात्र विष कळले पाहिजे.