सिद्दी आपल्या मांडवात का नाहीत?



मच्छेच्या या संमेलनातलं माझं छापील भाषण तुमच्या हातात आहेच, ते सवडीनं वाचा. मराठी शाळांविषयी, फलकांविषयी, कागदपत्रांविषयी जे म्हणायचं ते त्यात आहे आणि त्यातल्या शब्दन् शब्दाला मी बांधलेला आहे. उभ्यानं मात्र मी दुसरंच बोलणार आहे. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं संमेलनाच्या बैठकांमध्ये मांडली आणि दर वेळी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ती बासनात गेली. आज माईक माझ्या हातात आहे.

इथून खानापूर, खानापूरहून नंदगड आणि तिथून पुढं हल्याळ-यल्लापूरच्या अंगानं रान सुरू झालं की सिद्दींच्या वस्त्या लागतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या, बऱ्याचशा पोर्तुगिजांच्या गोव्यातून घाटावर निसटून आलेल्या माणसांचे हे वंशज. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. अनेकांच्या घरात मराठी-कन्नड मिसळलेली कोकणी. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना त्यासाठी २०२० साल उजाडावं लागलं. तीच माणसं, तेच सोयरे, पण मध्ये जिल्ह्याची रेघ. १७ वर्षं! नकाशावरची रेघ माणसाचं काय करते, हे आपल्या सीमाभागातल्या माणसांना कुणी समजावून सांगायला हवं होतं का? तरी आपल्यापैकी किती जणांनी त्यांच्यासाठी एक ओळ लिहिली?

आता कवंदी घ्या. सिद्दी बायका जुनी लुगडी, सदरे, पोरांची झबली फाडून वाकळ शिवतात, तिला कवंदी म्हणतात. शिवण कडेनं सुरू होते आणि चौफेर फिरत फिरत मधोमध पोचते. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची तिकोनी फुलं लावतात. फुलं नसली तर कवंदी उघडी राहिली असं त्या मानतात. माझी आई वाकळ शिवायची तेव्हा उरलेल्या चिंध्या उशीत भरायची. या बायका उरलेल्या चिंधीचं फूल करतात. मी पहिली कवंदी हातात घेतली ती नंदगडच्या बाजारात भेटलेल्या एका म्हातारीच्या अंगणात. ‘बेळगावच्या स्टँडवर लोक मला इंग्रजीत विचारतात, तू कुठल्या देशाची,’ असं ती मला सांगत होती. या कवंदींचं प्रदर्शन २०११ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, शॉम्बर्ग सेंटरमध्ये भरलं. हार्लेम म्हणजे काळ्या अमेरिकेच्या साहित्याची आणि संगीताची पेठ. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले ते तिथून हाकेच्या अंतरावर. हार्लेमला जी कवंदी पोचली ती मच्छेच्या मांडवात पोचत नाही. का? तर म्हणे, ‘विषय मराठी नाही.’

विषय मराठी नाही? जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्या अमेरिकेचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथरसाठी पँथर हे नाव उचललं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरूनच. मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा शहाजीराजे याच अंबराच्या बाजूनं लढले. आम्ही मात्र सिद्दी म्हटलं की जंजिरा एवढंच पाठ करून बसलो. याच नंदगडला १८३१ साली इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं, त्याच्या सोबत्यांत गजवीर हा सिद्दी होता असं लोक सांगतात. कन्नडिगांच्या रायण्णाचं नाव घेतलं म्हणून पहिल्या रांगेत आठ्या पडल्या. पडू देत.

सीमालढ्यातल्या एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांविषयी माझी तक्रार नाही. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले, त्यांच्या पायाची धूळ मी कपाळाला लावतो. माझं भांडण आहे ते मांडवाच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणाऱ्यांशी. कथाकथनात हशा पिकवणाऱ्याला मानधनाचं पाकीट आदल्या रात्री पोचतं. दमाम हा आपला ढोल वाजवणाऱ्या सिद्दींच्या एस.टी. भाड्याचा विषय निघाला की निधी संपलेला असतो. नावं घेत नाही, ती माणसं समोरच बसली आहेत.

काळ्या माणसांची कला आपल्याला का हवी, ते एका सिनेमावरून सांगतो. सेनेगलचा उस्मान सेंबेन हा मार्सेलच्या गोदीत हमाली केलेला माणूस. फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहीत होता, पण आपल्या मुलखातल्या निरक्षर माणसांपर्यंत त्या पोचत नाहीत हे कळल्यावर तो सिनेमाकडं वळला. १९६८ साली स्वतःच्याच फ्रेंच कथेवर त्यानं ‘मांदाबी’ काढला तो वोलोफ भाषेत, तिथल्या लोकांच्या भाषेत. गोष्ट एवढीच, की पॅरिसहून पुतण्याची मनीऑर्डर येते आणि ती सोडवायला ओळखपत्र नाही म्हणून एक अडाणी माणूस या कचेरीतून त्या कचेरीत फिरतो. मी तो पाहिला तेव्हा मला माझे वडील दिसले. हातात उतारा, उतारा न कळणाऱ्या भाषेत, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाची मान खाली. सीमाभागावर इतकं नेमकं मराठीत अजून कुणी लिहिलेलं नाही, मीही नाही.

आपलं गाऱ्हाणं दिल्लीला, मुंबईला कळत नाही म्हणून आपण इतकी वर्षं ओरडतो आहोत. मी म्हणतो त्याचं मूळ याच मांडवात आहे. शेजारच्या रानातल्या माणसाचं दुःख ज्यांना विषयपत्रिकेत बसवता येत नाही, त्यांचं दुःख दुसऱ्यानं कशाला बसवून घ्यावं?

तेव्हा संध्याकाळच्या ठरावांत माझा एक ठराव आहे. पुढच्या संमेलनापासून एक पूर्ण सत्र काळ्या माणसांच्या सिनेमाला आणि कलेला. पहिल्या वर्षी ‘मांदाबी’, संवादांचं मराठी मी स्वतः करून देईन. मांडवाच्या दोन्ही बाजूंना कवंद्या, शिवणाऱ्या बायकांची नावं खाली लिहून, आणि विकल्या गेल्या तर पैसे थेट त्यांच्या हातात. दमामवाल्यांना तेच मानधन, जे विनोदी कथाकाराला. ज्यांचा विरोध असेल त्यांनी बैठकीची वाट पाहू नये. माईक मी इथंच ठेवतो, वर या आणि बोला.